देवगिरी: महाल बघताना यादवांच्या खुणा कशा ओळखायच्या?

गोदाकाठ: रविवारी आईला घेऊन दौलताबादला जायचंय. चिनी महाल, निजामशाही वाडा, बारादरी तर बघूच, पण खरी ओढ त्याआधीच्या यादवकालीन अवशेषांची आहे. ते नेमके कुठे दिसतात? आईचे गुडघे दुखतात, तिला कुठवर नेता येईल?

दगडचुना: सरळ वर पळू नका. यादव खालीच भेटतात. महाकोटात, म्हणजे आतल्या तटबंदीत, शिरलात की आधी भारतमाता मंदिर. 1318 मध्ये कुत्बुद्दीन मुबारक खिलजीने जुन्या देवळांचे खांब वापरून इथे मशीद उभारली. आतली मूर्ती अलीकडची, 1948 नंतरची. एका खांबाशी थांबा आणि नजर तळापासून वर न्या. चौकोनी बैठक, मधले कोरीव पट्टे, गोल थर, मग शीर्ष. शेजारच्या दोन खांबांची नक्षी जुळत नसेल, तर ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेले समजा.

सांधेही बघा. यादवांचं काम म्हणजे घडीव दगडावर घडीव दगड, मध्ये चुना नाही. पुढे चिनी महालात भिंतीला चुना आणि गिलावा दिसेल. दर्शनी भागावर निळ्या चिनी फरशांचे थोडेच तुकडे उरलेत, नाव त्यांच्यामुळेच पडलं. गोवळकोंडा 1687 मध्ये पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा याला इथेच कैदेत ठेवलं होतं.

कातळवाट: वरच्या उत्तरात एक भर. किल्ल्यावरचं सगळंच जुनं काम यादवांचं धरू नका. बाहेरची तटबंदी, अंबरकोट, निजामशाहीचा वजीर मलिक अंबरची आहे, नावातच आहे ते.

आईंना चिनी महालापर्यंत न्या, दमादमाने. खंदकावरच्या पुलापलीकडे चढ खडा होतो. अंधारीत, म्हणजे कातळातल्या काळोख्या भुयारी वाटेत, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेने निसरड्या असतात. विजेरी पायाखाली धरा. छताकडे उजेड मारला की वटवाघळं उठतात, माणूस दचकतो आणि तोल तिथेच जातो. अंधारी टाळायची असेल तर बाहेरून पायऱ्यांची वाट आहे. बारादरी 1636 च्या सुमाराची, शहाजहानच्या मुक्कामासाठी बांधलेली. तिथवर जाणार असाल तर माणशी 2 लिटर पाणी घ्या.

गोदाकाठ: आभारी आहे. आई चिनी महालाच्या सावलीत थांबेल. डबा सोबत ठेवला तर चालेल का?

कातळवाट: चेनच्या पिशवीत ठेवा. हातातली प्लास्टिकची पिशवी दिसली की वानरं झडप घालतात. आणि सकाळी लवकर निघा, दुपारी कातळ तापतो.