पहिल्या रोबोनं नेमकं कुणाचं काम घेतलं?

भोसरीवाला: काल टपरीवर वाद झाला. एक जण म्हणाला, रोबो आले ते माणसं काढायलाच. मला नाही पटत. कारखान्यातला पहिला रोबो युनिमेट, 1961 साली न्यू जर्सीत जनरल मोटर्समध्ये लागला. काम काय, तर डाय कास्टिंग मशिनमधून, म्हणजे वितळलेला धातू साच्यात दाबून भाग बनवणाऱ्या मशिनमधून, निघणारे तापलेले भाग उचलायचे. जॉर्ज डेव्हॉलनं पेटंटचा अर्ज 1954 मध्येच केला होता. ते यंत्र कारखानदारांच्या गळी उतरवलं जोसेफ एंगलबर्गरनं. मी स्वतः चार वर्षं डाय कास्टिंगला हेल्पर होतो. चिमट्यानं कास्टिंग ओढताना अॅल्युमिनियमचा थेंब उडाला, बरोबर हातमोजा संपतो तिथे. डाग अजून आहे. ते काम रोबोनं नेलं तर मी रडू कशाला?

जुना_युनियनवाला: डाग मान्य, पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच कंपनीनं पुढे ओहायोत लॉर्ड्सटाउनला स्पॉट वेल्डिंगसाठी, म्हणजे पत्रे ठिपक्या-ठिपक्यानं जोडायला, युनिमेट रांगेनं उभे केले आणि लाइन तासाला शंभर गाड्यांवर नेली. म्हणजे एका गाडीला 36 सेकंद! रोबो दमत नाही, त्याच्या पुढे उभा असलेला माणूस दमतो. मार्च 1972 मध्ये संप झाला, तीन आठवडे चालला.

भोसरीवाला: वेग मॅनेजमेंटनं वाढवला, रोबोनं नाही.

जुना_युनियनवाला: मग रोबो विकत कोण घेतं, हेल्पर? आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर 1979 ला मिशिगनमध्ये फोर्डच्या फ्लॅट रॉक कारखान्यात रोबोच्या हाताचा फटका बसून 25 वर्षांचा कामगार गेला.

वेल्डर_ताई: म्हणून तर आता जाळी आणि इंटरलॉक असतो, दार उघडलं की रोबो जागच्या जागी थांबतो. टांगलेली स्पॉट गन जाड केबलसकट दिवसभर फिरवून बघा, मग बोला. रात्री खांदा टेकवून झोपता यायचं नाही. शिवाय शिफ्टच्या शेवटी हात जड झाला की स्पॉट सरकायचा. रोबोचा सरकत नाही, रिजेक्शन कमी झालं हे खरंच. पण टीच पेंडंट, म्हणजे रोबोला हालचाली शिकवायचा हातातला रिमोट, शिकवलं कायम लोकांनाच. कंत्राटी पोरांना गेट दाखवलं. मी कायम होते म्हणून वाचले.

जुना_युनियनवाला: भोसरीवाले, तुमच्या शॉपमध्ये रोबो आला तेव्हा हेल्पर किती होते?

भोसरीवाला: सहा. मी शिकलो. एक रिक्षा चालवतो, स्टँडवर भेटतो कधी कधी. बाकीच्या चौघांचं खरंच माहीत नाही.