मदत हवी आहे : चावीच्या घड्याळाचे मशीन खोलून जोडले, पण पॅलेट फोर्क एकाच बाजूला अडकतो

नमस्कार.

मी सोलापूरला अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात यंत्रमागांची देखभाल करतो आणि गेल्या दिवाळीपासून, सुटीच्या दिवशी, चावीच्या मनगटी घड्याळांची मशीन, म्हणजे आतली यंत्रणा, खोलून पुन्हा जोडायला शिकतो आहे. जवळ शिकवणारे कोणी नाही. जे समजले ते वाचून, चित्रफिती पाहून आणि पुन्हा पुन्हा तेच मशीन खोलून समजले. आता मात्र अशा ठिकाणी अडलो आहे की नुसत्या वाचनाने पुढे जाता येत नाही. म्हणून जे केले ते क्रमाने लिहितो. ज्यांचा या कामात हात बसलेला आहे त्यांनी कृपया माझी चूक दाखवावी.

नव्या पेठेतले एक जुने दुकान बंद होत असताना तेथून मी एच.एम.टी.ची दोन बंद पडलेली मशीन ३०० रुपयांना आणली. दोन्ही एकाच जातीची, १७ ज्वेलची (घर्षण कमी करणारे १७ बारीक खडे असलेली) आणि हाताने चावी देण्याची आहेत. शिकणाऱ्याने युनिटास ६४९७ या जातीच्या मोठ्या मशीनपासून सुरुवात करावी, असे बहुतेक जाणकार सांगतात. त्याचा व्यास ३६.६ मिलिमीटर असल्यामुळे भाग डोळ्यांना नीट दिसतात, हे मला पटते. पण एच.एम.टी.ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला घड्याळे बनवायला घेतली आणि २०१६ मध्ये ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला, तरी आपल्याकडे घरोघरी ती इतकी पडून आहेत की एखादा भाग हरवला तर दुसऱ्या मशीनमधून काढून घेता येतो. मला ही सोय जास्त मोलाची वाटली. माझ्या दोन मशीनांपैकी एकाची मेनस्प्रिंग (चावी दिल्यावर ताणली जाऊन घड्याळ चालवणारी मुख्य स्प्रिंग) तुटलेली आहे. ते मी सुट्या भागांसाठी राखून ठेवले आहे. दुसऱ्यात तुटलेले काही दिसत नव्हते, फक्त जुने तेल वाळून गोंदासारखे झाले होते.

खोलताना काटे आणि तबकडी काढल्यावर प्रथम चावी उतरवली. क्राउन (चावी देण्याचे बटण) दोन बोटांत धरून, क्लिक (चावी उलटी फिरू न देणारी खिट्टी) बाजूला सारून, क्राउन बोटांतून हळूहळू फिरू दिला. त्यानंतर बॅलन्स (मागे-पुढे डोलणारे चाक) त्याच्या पुलासह, म्हणजे वरून धरणाऱ्या पट्टीसह, उचलला, मग पॅलेट फोर्क (चाकांना ठोक्याठोक्याला अडवून सोडणारा दोन बाहूंचा काटा), मग चाकांवरचा पूल आणि चाके, आणि शेवटी बॅरल (मेनस्प्रिंगची डबी). क्राउन व्हीलचा (चावीची फिरकी बॅरलकडे नेणाऱ्या चाकाचा) स्क्रू अनेक मशीनांत उलट्या आट्यांचा असतो, हे आधी वाचलेले असल्यामुळे तेथे जोर लावला नाही. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र काढले आणि स्क्रू ज्या भागाचे त्या भागाबरोबरच औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या डब्यांत ठेवले.

साफसफाईसाठी औषधाच्या दुकानातून स्पिरिटची बाटली आणली. चाके, पूल, स्क्रू आणि पॅलेट फोर्क असे सगळे भाग काचेच्या झाकणबंद भांड्यात रात्रभर त्यात बुडवून ठेवले आणि सकाळी मऊ ब्रशने घासून सुकवले. बॅलन्सची हेअरस्प्रिंग (केसासारखी बारीक, गुंडाळलेली स्प्रिंग) इतकी नाजूक दिसत होती की तो मात्र बुडवायचे धाडस झाले नाही. त्यावर नुसती हवा मारली.

जोडताना सर्वांत जास्त वेळ चाकांवरच्या पुलाने घेतला. चार चाकांची चार टोके एकाच वेळी आपापल्या खड्यांत बसली पाहिजेत, आणि एकही टोक बाहेर राहिले असताना स्क्रू आवळला तर ते मोडते. मागावर एखादा भाग बसत नसेल तर आम्ही लाकडी हातोडीने हलकेच ठोकतो. येथे हाताची ती सवय मोडणे हेच खरे शिक्षण होते. शेवटी पूल बोटाने दाबायचे सोडून दिले आणि टूथपिकच्या टोकाने एकेक चाक किंचित हलवत राहिलो, तेव्हा तो आपल्या वजनानेच खाली बसला. प्रत्येक चाकाला वर-खाली थोडी मोकळीक आहे, हेही चिमट्याने उचलून पाहिले.

अडचण येथून पुढे सुरू होते. पॅलेट फोर्क न बसवता क्राउनला थोडी चावी दिली तर सगळी चाके सरसर फिरतात आणि थांबताना एस्केप व्हील (फोर्क ज्याचे दाते अडवतो ते शेवटचे चाक) किंचित उलटे येते. म्हणजे चाके मोकळी आहेत, असे मी समजतो. बॅलन्स एकटा बसवून फुंकर मारली तर तोही बराच वेळ डोलतो. परंतु फोर्क बसवल्यावर मशीन पाच-सात ठोके चालते आणि थांबते. बॅलन्स काढून, थोडी चावी देऊन, फोर्कला सुईने हलका धक्का दिला तर उजवीकडून डावीकडे तो टचकन उडी मारतो, पण डावीकडून उजवीकडे येताना अडतो आणि मुद्दाम ढकलावा लागतो.

प्रथम मला एस्केप व्हीलच्या दातांची शंका आली. या चाकाला १५ दाते आहेत आणि प्रत्येक दात दोन ठोके देतो, म्हणजे चाकाचा एक फेरा ३० ठोक्यांत होतो. मशीन ताशी १८,००० ठोक्यांचे असल्यामुळे मिनिटाला ३०० ठोके आणि चाकाचे १० फेरे पडतात. हा हिशोब जमला त्या दिवशी मला फार समाधान वाटले, कारण सेकंदकाट्याची चाल कोठून येते ते पहिल्यांदाच उमगले. एखादा दात खराब असता तर अडथळा दर ३० ठोक्यांनी एकदा आला असता. म्हणून चाकाच्या एका आऱ्यावर मार्करचा बारीक ठिपका दिला आणि फोर्क हाताने ढकलत पूर्ण फेरा तपासला. पंधराही दातांवर तो डावीकडेच अडतो.

दुसरी शंका धाग्यांच्या तंतूंची आहे. कारखान्यात दिवसभर टॉवेलची पिंज उडत असते आणि सुरुवातीला मी टेबलावर आमचाच पांढरा टॉवेल अंथरून काम करत होतो. नंतर त्याऐवजी गुळगुळीत कागद घेतला. भिंगातून पाहताना तंतू कोठे दिसत नाही, पण माझ्या नजरेवर माझा अजून पुरता विश्वास नाही.

याच्या जोडीने दोन प्रश्न आहेत. अजून कोठेही तेल घातलेले नाही. शिलाई मशीनचे तेल चालेल का? आणि पंख्याचे काय करावे? बारीक भाग उडतात म्हणून पंखा बंद ठेवतो, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर गेला की दहा मिनिटांत बोटे घामेजतात.

प्रतिसाद

तुमचे वर्णन वाचून बरे वाटले. जे केले ते न लपवता आणि क्रमाने लिहिले आहे, त्यामुळे दूर बसूनही दोष कोठे आहे याचा अंदाज करता येतो. मी तीस वर्षे दुरुस्तीच्या टेबलावर बसलो. ठिपका देऊन तुम्ही जी तपासणी केली तिनेच निम्मा निकाल लागला आहे : सगळ्या दातांवर एकाच बाजूला अडत असेल तर दोष चाकात नाही, फोर्कमध्ये आहे. पिंज असती तर ती अशी शिस्तीने एकाच बाजूला अडली नसती.

फोर्कच्या दोन बाहूंवर जे दोन लालसर खडे आहेत ते खाचेत बसवून लाखेने चिकटवलेले असतात. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. थोडा वेळ बुडवून लगेच काढले तर बहुधा निभावते. रात्रभर ठेवल्यावर लाख सुटणार आणि ब्रश लागला की खडा सरकणार. तुमचा एक खडा बाहेरच्या बाजूला सरकला असावा. तो थोडा जरी पुढे आला तरी दात त्यावर जास्त खोल अडकतो आणि त्याला सोडवायला बॅलन्सचा जोर पुरत नाही. उलट तो आत गेला असता तर दात अडलाच नसता आणि चाके फोर्कला न जुमानता पळाली असती.

फोर्क काढा आणि दहा पटीच्या भिंगाखाली दोन्ही खडे तुमच्या दुसऱ्या मशीनमधल्या फोर्कशी ताडून पाहा. खडा सरकलेला दिसला तर तो जागेवर आणून पुन्हा लाख लावण्याच्या फंदात आत्ता पडू नका. त्या कामाला तापवण्याची वेगळी पट्टी लागते आणि केसाहून कमी अंतराचा अंदाज लागतो. दुसऱ्या मशीनचा फोर्क काढून बसवा, जात एकच असल्याने तो बसेल. साफ करायचा तर व्हाइट पेट्रोलमध्ये. आग आणि देवघरातला दिवा दूर ठेवून, उघड्या गच्चीवर. बॅलन्स तुम्ही बुडवला नाहीत हे फार चांगले झाले, कारण त्याच्या खाली जो उभा खडा फोर्कला ढकलतो तोही लाखेनेच धरलेला असतो.

शिलाई मशीनचे तेल घालू नका. ते पसरते, जागेवर थांबत नाही. वेगाने फिरणाऱ्या बारीक टोकांना मोबियस ९०१० सारखे घड्याळाचे पातळ तेल, बॅरल आणि मधल्या चाकाला त्याहून घट्ट तेल, आणि फोर्कच्या खड्यांच्या तोंडाला अगदी किंचित मोबियस ९४१५. फोर्क ज्या टोकांवर हलतो ती टोके मात्र कोरडीच ठेवायची. मागाला जसे तेल पाजता तसे येथे पाजायचे नाही; खड्याची वाटी निम्मी भरली की हात थांबवायचा.

पंखा बंदच ठेवा. मी उन्हाळ्यात पहाटे पाच ते आठ अवघड कामे करत असे आणि दुपारी फक्त काचा आणि पट्टे. बोटांना रबरी टोप्या घाला, कारण घामाचा ठसा पोलादावर राहिला की तेथे गंज धरतो. आणि कारखान्याचे कपडे बदलून, हात धुऊन मगच टेबलावर बसा.

धागाकर्ता (मूळ प्रश्न विचारणारा)

काका, आपले मनापासून आभार. काल पहाटे आपण सांगितल्याप्रमाणे दोन्ही फोर्क शेजारी ठेवून पाहिले. माझ्या फोर्कचा एक खडा स्पष्टपणे पुढे आलेला आहे आणि त्याच्या खाचेभोवती लाखेचा मागमूस नाही. दुसऱ्या फोर्कवर ती पिवळसर, पातळ थर होऊन बसलेली दिसते. इतके दिवस मी भिंगातून तंतू शोधत होतो आणि खड्याकडे पाहिलेच नव्हते.

दुसरा फोर्क पेट्रोलमधून काढून, सुकवून बसवला. सुईने धक्का दिला तर आता तो दोन्ही बाजूंना सारखाच टचकन जातो. बॅलन्सचा पूल ठेवून स्क्रू अजून पूर्ण आवळलाही नव्हता, तोच मशीन आपोआप चालू झाले. तबकडीची बाजू वर आणि खाली, अशा दोन्ही स्थितींत ते अर्धा-अर्धा तास चालवून पाहिले. मोबाइलच्या घड्याळाशी ताडता तासाला सुमारे दोन सेकंद पुढे जाते. तेलाशिवाय जास्त चालवू नये असे वाटल्याने चावी उतरवून ते काचेच्या पेल्याखाली झाकून ठेवले आहे.

आपण सांगितलेली तेले मागवली आहेत. तेल देण्याच्या बारीक सुया आपण कोणत्या जाडीच्या वापरत होता आणि थेंब जास्त पडला तर तो टिपून घ्यायचा की तेवढा भाग पुन्हा धुवायचा, एवढे कृपया सांगावे. म्हणजे येत्या रविवारी पहाटे ते काम हाती घेईन.