पत्र्याच्या शेडवर सोलर लावलं तर आतला उकाडा खरंच कमी होतो का?

टेरी_टॉवेल
सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत ५,००० चौरस फुटांचं शेड आहे. गॅल्व्हल्यूम (जस्त-अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला) पत्रा, उतार पूर्व-पश्चिम, माग आणि मोटारी मिळून लोड ४० किलोवॉट. एप्रिल-मेमध्ये दुपारी कामगार मागावर टिकत नाहीत. बिलासाठी सोलर घ्यायचंच आहे, तर पत्राही कमी तापेल असं बसवता येईल का? एक ठेकेदार दक्षिणेकडे कलते स्टँड सांगतो, दुसरा पत्र्यालगत छोटे रेल.

पर्लिन_आणि_पत्रा
फरक पडतो, पण सावलीत आलेल्या पत्र्यापुरता. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०११ साली मोजमाप प्रसिद्ध केलं, त्यात पॅनेलखालचं छत दिवसा सुमारे ३ अंशांनी थंड होतं. मात्र खाली वारा खेळायला हवा.

छोट्या रेलमध्ये पत्रा आणि फ्रेम यांत जेमतेम ५-७ सेंमी उरतात, गरम हवा तिथेच कोंडते. लांब रेल ब्रॅकेटवर उचलून १०-१५ सेंमी जागा ठेवा. केबल ट्रे उताराच्या दिशेने न्या, आडवी टाकली की हवेची वाट अडते. कलते स्टँड तुमच्या शेडला नकोतच: ओळींमधून ऊन थेट पत्र्यावर पडतं, शिवाय वळवाच्या वाऱ्यात पॅनेल वर उचलणारा जोर जास्त बसतो. पूर्व-पश्चिम उतारावर सपाट बसवल्याने वीज थोडी कमी मिळेल, ती मिळू द्या.

५५० वॅटचं पॅनेल साधारण २.६ चौरस मीटरचं. १०० पॅनेल म्हणजे ५५ किलोवॉट आणि २६० चौरस मीटर सावली. तुमचं छत ४६५ चौरस मीटर, म्हणजे अर्ध्याहून थोडं जास्त झाकलं जाईल. उरलेल्याला पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह रंग द्या, पण पॅनेल चढण्याआधी. उजेडाच्या फायबर शीट झाकू नका, नाहीतर दिवसा दिवे लावावे लागतील.

लोड_चेक
त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पर्लिन (पत्रा ज्यांवर टेकतो ते आडवे लोखंडी वासे) तपासून घ्या. पॅनेल-रेल मिळून चौरस मीटरला १२-१५ किलो वाढतात. ब्रॅकेटचा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावरून थेट पर्लिनमध्ये जायला हवा, खाली ईपीडीएम (रबरी) वॉशर आणि पाणी अडवणारी चिकट ब्यूटाइल टेप. खोबणीत मारला की पहिल्याच पावसात गळणार. ड्रिलचा कीस त्याच दिवशी झाडून काढा, राहिला की तिथे गंजाचे डाग पडतात.

दमट_हवा
एक हिशोब कुणी मांडला नाही. ४० किलोवॉट लोड म्हणजे जवळजवळ तेवढीच उष्णता आत सुटते, ती पॅनेलने हलत नाही. एक्झॉस्ट वाढवले तर दमटपणा उडतो आणि सूत तुटायला लागतं, म्हणून ह्युमिडिफायर सोबत धरूनच पंखे ठरवा. टर्बो व्हेंटिलेटर (छतावरचे वाऱ्याने फिरणारे गोल पंखे) असतील तर त्यांची सावली पॅनेलवर येऊ देऊ नका, एका पॅनेलवर पडली तरी स्ट्रिंगला, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलच्या साखळीला, फटका बसतो.

टेरी_टॉवेल
एक्झॉस्टची तोंडं पश्चिमेला आहेत. तिकडच्या पॅनेलवर कापसाची धूळ बसेल ना?

पर्लिन_आणि_पत्रा
बसेलच. पहाटेच्या दवात ती खालच्या कडेला लेपासारखी चिकटते आणि शेवटची सेलची रांग झाकते. त्या बाजूला पॅनेलची पहिली ओळ कडेपासून आत घ्या, एक्झॉस्टला जाळी लावा, चालायला ६० सेंमी वाट ठेवा. धुणं उन्हं चढायच्या आत उरका, तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं पाणी जड असेल तर क्षाराचे पांढरे डाग राहतात, सॉफ्टनरचं पाणी आणि मऊ ब्रश वापरा.