आवाहन की आव्हान, देणगी की वर्गणी? संस्थेच्या मेसेजमधले शब्द

प्रश्न : गावातल्या अभ्यासिकेसाठी व्हॉट्सॲपवर पाठवायचा मेसेज लिहितोय. मसुदा असा : "गरजू लाभार्थी विद्यार्थ्यांसाठी सढळ हाताने फूल ना फुलाची पाकळी देणगी द्यावी हे नम्र आव्हान. देणगी करमुक्त." मंडळात वाद चाललाय, देणगी म्हणावं की वर्गणी?

उत्तर : दादा, आधी ते आव्हान काढा, तिथे आवाहन हवं. आव्हान देतात कुस्तीत नाहीतर निवडणुकीत, आवाहन म्हणजे बोलावणं, विनंती. बॅनरवर हे सर्रास चुकतं पण पैसे मागताना फारच खटकतं.

आता देणगी-वर्गणी. वर्गणी आपल्यातलाच माणूस देतो, बहुतेक वेळा ठरलेली आणि दरवर्षी, गणपतीची असो की वाचनालयाची, आणि देणारा हिशोबही हक्काने विचारतो कारण काम त्याचंही असतं. देणगी कुणीही आपखुशीने देतो, पुढच्या वर्षी द्यायलाच हवी असं काही नाही. म्हणून गाव सोडून पुण्या-मुंबईला गेलेल्यांकडे मी तर वर्गणीच मागेन, त्यांना देणगीदार म्हटलं की ते पाहुणे होतात. कंपनीकडे किंवा बाहेरच्या कुणाकडे मागायची तर मात्र देणगी.

सढळ हाताने आणि फूल ना फुलाची पाकळी एकत्र नकोत, एक म्हणतं भरपूर द्या, दुसरं म्हणतं थोडंही चालेल, वाचणाऱ्याला रक्कमच कळत नाही. त्यापेक्षा महिन्याचं लाईटबिल किती, खुर्च्या किती कमी पडतात ते सरळ लिहा.

लाभार्थी हा घरकुल, निराधार योजनेच्या यादीतला शब्द आहे हो. तुमच्याच ग्रुपवर त्या मुलांचे आईवडील असणार, त्यांनी काय वाचायचं, "गरजू लाभार्थी"? "पोलीस भरतीचा, एमपीएससीचा अभ्यास करणारी आपली मुलं" लिहा, अभ्यासिका कशाला हवी तेही त्यातच आलं. शब्दाने माणसाची जागा बदलते, पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या ३ तालुक्यांत सुरू झाली तेव्हा गावकऱ्यांना हाक होती श्रमदानाची. दुष्काळ त्यांच्याच गावात, तरी ते घेणारे नाही, देणारे ठरले. तुमची मुलं पण रविवारी अभ्यासिका रंगवणार असतील तर ते जरूर लिहा.

आणखी एक उत्तर : वरचं सगळं पटलं, फक्त "करमुक्त" राहिलं. तो शब्द इथे चूकच आहे. आयकराच्या ८०जी कलमाखाली देणाऱ्याला करसवलत मिळते, तीही बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रकमेवर, वर मर्यादा वेगळीच, आणि जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. २००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर त्यावर सवलत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआय मागा. "करमुक्त" वाचून माणसाला वाटतं पूर्ण रक्कम वजा होणार, मग सीएने सांगितलं की तो संस्थेवरच चिडतो. "८०जी अंतर्गत करसवलतीस पात्र" असं लिहा, आणि संस्थेची ८०जी नोंदणीच नसेल तर ती ओळ मेसेजमधून काढून टाका.