पाच माणसांचं महिन्याचं किराणा-भाजी-गॅस सहा हजारांत – डाळ पातळ न करता कसं बसवू?

मोगरा

नमस्कार. इथले पदार्थांचे धागे नेहमी वाचते, लिहिते पहिल्यांदाच.

मिस्टर चाकणच्या पट्ट्यात एका कारखान्यात कंत्राटी कामाला होते. ऑर्डर कमी झाली आणि दिवाळीनंतर त्यांच्या सगळ्या बॅचला घरी बसवलं. आता मिळेल ते काम करतात, कधी गोडाऊनवर माल उतरवायचं, कधी रंगकाम. तेही रोज नसतं. मी दोन घरी पोळ्यांना जाते आणि ब्लाउज शिवते. भाडं, मुलांची फी आणि सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या यांचे पैसे बाजूला काढले की किराणा, भाजी, दूध, गॅस सगळं मिळून सहा हजार राहतात. आम्ही दोघं, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा.

सध्या असं चालतं: सकाळी पोळी आणि एक सुकी भाजी, रात्री वरण-भात. पूर्वी दीड वाटी तूरडाळ लावायचे, आता पाऊण वाटी लावते आणि पाणी वाढवते. एक लिटर दूध अर्ध्यावर आणलं. अंडी बंद केली. बटाटा परवडतो म्हणून तो वाढला, पण सासूबाईंना तो फार देता येत नाही. दुपारी घरी मी एकटीच, तेव्हा चहा-टोस्टवर भागवते. मिस्टर घरी असले की चहा आणि आंघोळीचं पाणी वाढतं, त्यामुळे टाकीही लवकर संपते.

मुलं तक्रार करत नाहीत. पण मुलगी हल्ली दुसरी पोळी 'नको' म्हणते आणि डब्याकडे बघून म्हणते, ते मला कळतं. मला नेटवरचे पनीरचे 'बजेट' पदार्थ नकोत. रोजचं, पोटभरीचं, अंगाला लागणारं काय करता येईल ते सांगा. रेशनकार्ड केशरी आहे, पण ते बार्शीकडे गावात, सासऱ्यांच्या नावावर. ते वारल्यापासून त्याकडे कुणी पाहिलेलं नाही.

---

भुसारमाल

ताई, माझं नाशिकला किराणा-भुसारचं दुकान आहे, म्हणून विकणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

दहा-वीस रुपयांच्या पुड्या घेणं आधी बंद करा. हळद, तिखट, चहा, साबण, सगळं त्यात किलोमागे फार महाग पडतं. हातात पैसे येतील त्या दिवशी डाळ, पीठ-धान्य आणि तेल हे तीन आधी घरात आणा, बाकीचं उरलेल्यात. तेलाची पिशवी घेताना भाव नाही, वजन वाचा. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. पण हल्ली दिसायला तेवढ्याच पिशवीत ८००-८५० ग्रॅमही असतं आणि भाव मात्र दोन-चार रुपयांनीच कमी असतो.

वरणाला तूरडाळ एकटी नको. अर्धी तूर, अर्धा मसूर लावा. मसूर लवकर शिजतो, गॅस वाचतो आणि घट्टपणा येतो. भारीतल्या डाळीच्या मागे लागू नका, साधी डाळ घ्या, वरणात फरक कळत नाही. उसळीला पांढरा वाटाणा आणि अख्खा मसूर बघा.

आणि उधारीची वही शक्यतो नको. दुकानदार असून सांगतो. वही असली की गिऱ्हाईक भाव विचारत नाही, आणि मुलाला पाठवलं की वहीवर बिस्किटाचा पुडाही चढतो.

---

माणदेशी

मोगरा, तुझं सगळं वाचलं आणि दुपारच्या चहा-टोस्टवर थांबले. तिथूनच सुरुवात करते.

माझं माहेर माण तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आई आणि दादा पाझर तलावाच्या कामावर, ती पाट्या वाहायची, ते खडी फोडायचे. कामावर सुकडी (कोरडा पौष्टिक खाऊ) मिळायची आणि रेशनवर मिलो, ती लाल परदेशी ज्वारी. तिची भाकरी थापता थापता चिरायची; आई उकळत्या पाण्यात पीठ भिजवून कशीबशी वळायची. पुढे १९८१ ला लग्न होऊन लालबागला आले, आणि वर्ष व्हायच्या आत, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. माझे यजमान गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. अडीच लाख कामगार घरी बसले. चाळीतली निम्मी बिऱ्हाडं गावाला गेली, आम्ही राहिलो. मी एका खानावळीच्या पोळ्या लाटायला लागले.

या दोन्ही वेळा मी बायकांना शेवटी जेवताना पाहिलं. टोपाच्या तळाला राहील ते त्यांचं. माझी सासू घरात सगळ्यात जास्त राबायची आणि सगळ्यात कमी खायची. त्याच पावसाळ्यात तिला चाळीचा जिना चढवेना. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, आणि औषधा-टॉनिकावर गेले तेवढ्यात घराची दोन-तीन महिन्यांची डाळ आली असती. तू दोन घरच्या पोळ्या करतेस, मशीन चालवतेस. तू आडवी झालीस तर हे घर चालणार कशावर? तेव्हा सकाळीच आपली भाकरी आणि उसळ वेगळी काढून झाकून ठेवत जा. ती तुझी. आणि रात्री सगळ्यांबरोबर पाटावर बस, म्हणजे टोपात किती आहे ते सगळ्यांनाच दिसतं. लेकीला तुझी चिंता आहे म्हणून ती पोळी नको म्हणते, असं मला वाटतं. तू तिच्यासमोर पोटभर जेवलीस तर तीही जेवेल.

आता डाळीचं. कात्री लावायची ती तेलाला, गॅसला, टोस्ट-खारीला लाव, चहाच्या दोन कपांना लाव. डाळीला नको. वाढत्या अंगाची पोरं आहेत, आणि सासूबाईंनाही नुसत्या भातापेक्षा डाळ-उसळच बरी.

संपात आम्हाला हुलग्यांनी तगवलं, कोकणातली माणसं कुळीथ म्हणतात ते. गावाहून एसटीने पोतं यायचं. रात्री दोन वाट्या भिजत घालायचे, सकाळी भरपूर पाण्यात कुकरला लावायचे. वरचं तांबडं पाणी निथळून घे, त्यात चिंचेचा कोळ किंवा ताक, ठेचलेला लसूण आणि जिरं घालून उकळ: हे कळण. भातावर, भाकरीवर, नुसतं प्यायलाही छान. खाली राहिलेल्या हुलग्यांची कांदा घालून सुकी उसळ. एकदा शिजवलं, दोन पदार्थ झाले, आणि पाच माणसांना पोटभर पुरतं.

त्याचंच पीठ करून ठेव. चार-पाच चमचे पिठात पाच जणांचं पिठलं होतं, कारण ते पाणी फार पितं. बेसनापेक्षा चव खमंग, लसूण मात्र सढळ हवा. पोरांना सकाळी त्याच पिठाचं माडगं दे, भाजलेलं पीठ पाण्यात कालवून शिजवायचं, गूळ आणि असलं तर थोडं दूध. सासूबाईंना गुळाशिवाय, ताक-मिठाचं. आणि आठवड्यातून एकदा शेंगोळे, म्हणजे हुलग्याच्या पिठाच्या वळ्या रश्श्यात शिजवलेल्या. त्याला पोळी नको, भाजी नको, एकच पातेलं आणि सगळ्यांची पोटं भरतात. आमच्या घरी आजही ज्या दिवशी शेंगोळे असतात त्या दिवशी नातवंडं आधीच पानावर येऊन बसतात. गरिबीचं म्हणून कुणी नाक मुरडत नाही, चव आहेच तशी.

गॅसचं सांगते. कडधान्य आणि डाळ भिजवल्याशिवाय कुकर लावायचाच नाही. कुकरमध्ये एकावर एक भांडी: खाली डाळ, वर भात, त्यावर ताटलीत भोपळ्याच्या किंवा दुधीच्या फोडी. शिट्ट्या मोजून दोन, गॅस बंद, आणि कुकर सरळ जुन्या गोधडीत गुंडाळून एका टोपलीत ठेवून दे. आतल्या वाफेवर पाऊण तासात डाळ लोण्यासारखी होते. चाळीत आम्ही स्टोव्हच्या रॉकेलसाठी हे करायचो, गॅसलाही तेवढंच लागू आहे.

तेल पातेल्यात ओतून त्यात सगळं परतायची सवय सोड. वरण, पिठलं, कळण आधी शिजवून घे आणि शेवटी फोडणीच्या पळीत एक-दीड चमचा तेल कडकडीत तापवून मोहरी-लसूण घालून वरून ओत, लगेच झाकण ठेव. वास सगळा वर राहतो आणि तेल निम्मं लागतं.

भाजी संध्याकाळी बाजार उठताना घे. मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे कोवळे दांडे टाकू नको, डाळ घालून भाजी होते. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालीची तीळ घालून चटणी होते. जवळपास शेवगा असेल तर मालकाला विचारून पाला आण, मूगडाळ घालून कर. आणि जवसाची चटणी घरात कायम असू दे. भाजी कमी पडली तर भाकरीवर जवसाची चटणी आणि एक थेंब तेल, पोरांना आवडतं.

अंडी मात्र जमतील तेव्हा सुरू कर. आठवड्याला एकदा, पोरांना आणि तुलाही.

---

खाडीकाठ

मोगराताई, रेशनचं आधी बघा. बाकी सगळ्या काटकसरीपेक्षा तिथे जास्त वाचेल.

आमचं कार्ड रत्नागिरीकडच्या गावचं आहे, आणि धान्य मी डोंबिवलीत उचलते. आता कुठल्याही रेशन दुकानात आधारवर अंगठा लावून धान्य मिळतं, गावाला जावं लागत नाही. पण नुसतं कार्ड केशरी असून चालत नाही, ते प्राधान्य कुटुंबाच्या यादीत असावं लागतं. त्यात असेल तर माणशी ५ किलो धान्य मिळतं, आणि २०२३ च्या जानेवारीपासून ते मोफत आहे. पाचही जणांची नावं कार्डावर असतील तर महिन्याला २५ किलो होतात! सासऱ्यांचं नाव कमी करून सासूबाईंना कुटुंबप्रमुख करून घ्या, मुलांची नावं चढवा, सगळ्यांची ई-केवायसी करा. नाव चढवायला जन्मदाखले आणि आधार लागतात. तहसीलच्या पुरवठा शाखेत हे काम होतं. यादीत नसाल तर अर्ज तिथेच द्या, शहराची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९ हजार आहे, पण तुमचं कार्ड गावचं आहे, त्यामुळे ४४ हजारांची ग्रामीण मर्यादा लागेल का ते तिथे विचारून घ्या.

मिस्टरांच्या पगारपावतीवर ईएसआयची (कामगार विम्याची) कपात दिसत असेल तर ईएसआयच्या कार्यालयात बेकारी भत्त्याचीही चौकशी करा. मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही.

रेशनचा तांदूळ भाताला जाड वाटला तर दळून घावन करा: पीठ, पाणी, मीठ, एवढंच. किंवा तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी उडीदडाळ भिजवून आंबोळ्या, डब्यालाही चालतात. रात्री सगळ्यांना मऊ पेज आणि जवळ्याची चटणी. सुकी मासळी चालत असेल तर मूठभर जवळा कांद्यावर परतला की पाच जणांच्या तोंडाला चव येते.

---

भुसारमाल

माणदेशीताई, एक सांगू का? हुलगे शहरात तुम्ही समजता तेवढे स्वस्त राहिलेले नाहीत. सुपरमार्केटच्या पाकिटात तर तूरडाळीच्या बरोबरीने भाव लावतात. मोगराताई, घ्यायचे तर भुसार दुकानात सुटे घ्या किंवा गावाकडून मागवा. बार्शीला नक्की मिळतील.

---

माणदेशी

खरं आहे तुमचं. पण पिठल्याला ते लागतातच किती? पाच चमचे पिठात पाच जणांचं होतं. महाग मिळाले तर उसळीला मटकी नाहीतर अख्खा मसूर घे, हुलगा फक्त पिठाला ठेव.

---

मोगरा

सगळ्यांचे मनापासून आभार. गावी दिरांना फोन केला. कार्ड प्राधान्य यादीत आहे, पण त्यावर सासू-सासरे आणि मिस्टर अशी तीनच नावं आहेत. माझं आणि मुलांचं चढवायला मिस्टर सोमवारी जाणार आहेत, येताना हुलगेही आणतील. ईएसआयची कपात होती, त्याचीही चौकशी करतो.

माणदेशीकाकू, आज दुपारी भाकरी आणि मटकीची उसळ झाकून ठेवली होती, ती जेवले. तुम्ही लिहिलेलं मुलीला वाचून दाखवलं नाही, पण रात्री सगळे एकत्र बसलो.

एक विचारायचं आहे. इथला गिरणीवाला किलो-दोन किलोच्या खाली दळण घेत नाही. एवढं हुलग्याचं पीठ करून ठेवलं तर टिकेल का? आणि शेंगोळ्यांचं प्रमाण सांगाल?

---

माणदेशी

टिकतं. हुलगे आधी निवडून कढईत मंद आचेवर तांबूस, खमंग भाजून घे, गार झाले की दळायला दे. भाजलेलं पीठ कोरड्या डब्यात दोन-तीन महिने सहज राहतं. वजन भरत नसेल तर शेजारणीला विचार, दोघींचं मिळून दळ.

शेंगोळ्यांना न भाजलेल्या हुलग्यांचं पीठ चांगलं वळतं, म्हणून अर्धे तसेच दळ. त्याचं पीठ दोन वाट्या, ज्वारीचं एक, गव्हाचं अर्धी. त्यात लसूण-जिरं-मिरची वाटून, हळद, ओवा, मीठ, चमचाभर तेल, आणि घट्ट मळ. हाताला तेल लावून बोटाएवढ्या जाड वळ्या करून कडी वळ. पातेल्यात फोडणी करून सहा-सात वाट्या पाणी, मीठ, दोन चमचे शेंगदाण्याचं कूट घाल. पाणी खळखळ उकळत असतानाच एकेक शेंगोळं सोडायचं, आणि पहिली पाच मिनिटं चमचा लावायचा नाही. मग झाकण ठेवून वीस मिनिटं मंद आचेवर. रस्सा फार दाट झाला तर वरून गरमच पाणी घाल, गार नको. सासूबाईंना वाढताना वर कच्चा कांदा आणि लिंबू दे.