पावसाळ्यात एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) भरून वाहतो, क्षमता वाढवून फरक पडेल का?

वेटवेलवाला:
मंडळी, कोकणातल्या एका छोट्या शहराच्या एसटीपीवर शिफ्टला असतो. ३ एमएलडीचा (दिवसाला ३० लाख लिटर) एसबीआर, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणं, गाळ बसवणं आणि वरचं पाणी काढणं. मे मध्ये जेमतेम २ येतं आणि जुलै लागला की सगळे पंप चालू ठेवले तरी वेटवेलची (सांडपाणी जमा होऊन पंपाने उचललं जातं ती विहीर) लेव्हल उतरत नाही. येणारं पाणी एकदम पातळ, बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण मोजणारा आकडा) ८०-९०, एमएलएसएस (टाकीतल्या बॅक्टेरियाच्या गाळाचं प्रमाण) घसरतोय, डिकँटला (वरचं पाणी काढताना) स्लज, म्हणजे तो गाळ, पण निघून जातो. साहेब म्हणतात प्लांट छोटा पडतोय, वाढवायचा प्रस्ताव टाकू. पटतं का?

जुना_ऑपरेटर:
नाही पटत. आधी पाणी कुठून येतंय ते बघा. पाऊस थांबून एक-दोन दिवस झाले की रात्री २ ते ४ चा फ्लो लिहून ठेव, त्या वेळी गाव झोपलेलं असतं, तरी पंप धो धो ओढत असेल तर ते जमिनीतलं पाणी, पाइपांच्या जॉइंटमधून आणि विटांच्या चेंबरमधून झिरपलेलं. आणि सर आली की तासाभरात उसळी मारून मग उतरत असेल तर ते छपरांचं, अंगणांचं. सीपीएचईईओच्या (केंद्र सरकारची पाणी-सांडपाण्याची तांत्रिक संस्था) मॅन्युअलमध्ये झिरप्यासाठी चेंबरमागे दिवसाला २५०-५०० लिटर धरलेत, पण चेंबर ओढ्यालगत असेल आणि प्लास्टर गेलेलं असेल तर कुठलं काय.

बीओडी पातळ म्हणजे बॅक्टेरियाला खायला कमी आणि वर पाण्याचा लोंढा, मग स्लज बसायच्या आत वाहून जातो. आउटलेटचा बीओडी मात्र पातळपणामुळे छान दिसतो, त्याला भुलू नका. तोवर पावसात एअरेशन (हवा देण्याचा वेळ) कमी करून सायकल आखूड कर पण सेटलिंगच्या वेळेला हात लावू नकोस, आणि एमएलएसएस सावरेपर्यंत वेस्टिंग (जादा स्लज बाहेर काढणं) बंद.

गल्लीतला:
आमच्याकडे तर गल्लीत पाणी तुंबलं की लोकच पहारीने चेंबरचं झाकण उचलतात 😀 पत्र्याच्या पन्हळीचे पाइप पण थेट ड्रेनेजला. नोटिसा देऊन काही होत नाही, नगरसेवकाच्याच घराचा पाइप तसा आहे.

जुना_ऑपरेटर:
अजून एक, तुमच्याकडे घरोघर कनेक्शन आहेत की नाला बांधाने अडवून प्लांटकडे वळवलाय? नाला असेल तर सगळा डोंगर तुमच्या वेटवेलमध्ये उतरणार, ६ एमएलडीचा बांधला तरी भरेल.

वेटवेलवाला:
अर्धं गाव कनेक्शनवर, बाकी नालाच आहे हो. बांधाला गेट आहे पण गंजून जाम झालंय, पावसात ते उघडून नाल्याचं पाणी पुढे सोडायचं असतं हेच कुणी सांगितलं नव्हतं. रात्रीचं रीडिंग आजपासून घेतो. साहेबांना नुसतं तोंडी सांगून ऐकतील असं वाटत नाही, कागदावर काय काय दाखवू?

जुना_ऑपरेटर:
रोजचा पाऊस आणि रोजचा फ्लो एकाच ग्राफवर टाक. आणि गेटचा फोटो.