४९ सीसी जुनी पॉकेट बाइक : पिकअप नाही, आयडलिंग चढतं, मदत हवी आहे

धागाकर्ता

जुनी पॉकेट बाइक (बुटकी, छोटी मोटारसायकल) घेतली आहे. टू-स्ट्रोक, एअर-कूल्ड, ४९ सीसी, बोअर ४४ मिमी. दोरी ओढून स्टार्ट, सेंट्रिफ्युगल क्लच (आरपीएम वाढला की आपोआप पकडणारा), गिअरबॉक्स नाही. चेन क्लच बेलच्या (क्लचच्या बाहेरच्या वाटीच्या) स्प्रॉकेटवरून थेट मागच्या चाकाला. पुढे ७ दात, मागे ४४. मागचा टायर ११०/५०-६.५. कार्बोरेटर मूळचाच, लहान स्लाइडचा, नीडल (पेट्रोल कमी-जास्त करणारी सुई) नसलेला. चालवणाऱ्याचं वजन ६८ किलो. जागा कोल्हापूरजवळ, शेडसमोरचं स्वतःचं काँक्रीटचं आवार, सरळ १२० मीटर.

गार असताना व्यवस्थित चालू होते. गरम झाली की आयडलिंग आपोआप चढतं आणि रेस सोडली तरी लवकर खाली येत नाही. एकदम पूर्ण रेस दिली की दबते, हळूहळू दिली तर ओढते. निघताना क्लचचा जळका वास येतो. वेग ३५ च्या पुढे जात नाही. पंपावरचं साधं पेट्रोल, लिटरला ४० मिली टू-टी ऑइल.

१९ मिमी कार्ब, एक्सपान्शन चेंबरचा (मधे फुगीर) सायलेन्सर आणि कडक क्लच स्प्रिंग असा संच मिळतो आहे. घ्यावा का?

टूस्ट्रोकवाला

संच आत्ता घेऊ नका. रेस सोडल्यावर आयडलिंग खाली न येणं म्हणजे इंजिन कुठून तरी बाहेरची हवा ओढतंय. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलमधूनच येतं. हवा वाढली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), उष्णता वाढते आणि त्याच वेळी ऑइलही कमी पडतं. अशा इंजिनाला मोठा सायलेन्सर लावून वरच्या आरपीएमला पळवलं की पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरबाडून जाम होतो.

प्रेशर टेस्ट घरी होते. बीपी तपासायच्या यंत्राचा रबरी फुगा आणि काटा घ्या. सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्टवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवा, वर जाड पट्टी ठेवून मूळच्याच बोल्टांनी आवळा. प्लग जागेवर राहू द्या. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस एकमेकांना जोडलेले राहतात. कार्ब काढून मॅनिफोल्डच्या (कार्ब ज्यावर बसतो त्या नळीच्या) तोंडात रबरी बूच बसवा आणि त्याच्या भोकातून हवा भरा. मॅनिफोल्डकडूनच भरायची, कारण प्लगच्या भोकातून भरली तर रीड (हवा एकाच दिशेने आत सोडणारी पाकळ्यांची झडप) बंद होते आणि रीडच्या अलीकडचा भाग तपासलाच जात नाही.

काटा २५० (मिमी पारा) वर आणून थांबा. हे सुमारे ०.३३ बार, त्याहून जास्त गरज नाही. ५ मिनिटांत २२० च्या खाली गेला तर ब्रशने साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा : मॅनिफोल्डचं गॅस्केट, सिलिंडरच्या तळाचं गॅस्केट, क्रँककेसचा जोड, मॅग्नेटोच्या बाजूचं सील आणि क्लचच्या बाजूचं सील, या क्रमाने. क्लचकडचं सील गेलं असेल तर बेलच्या आत तेलकटपणा दिसतो. मग क्लच घसरणारच.

चेनस्प्रॉकेट

जळक्या वासाचं मुख्य कारण मला गिअरिंगमध्ये दिसतं. ११०/५०-६.५ टायरचा व्यास सुमारे २७५ मिमी, म्हणजे एका फेरीत ०.८६ मीटर. ७/४४ ला ८००० आरपीएमवर कागदावर ताशी सुमारे ६६ किमी होतात. हे इंजिन ६८ किलो घेऊन तिथे पोचत नाही. ते मधेच अडकतं आणि क्लच अर्धवट पकडीत घासत राहतो.

मागे ५४ दातांचं स्प्रॉकेट लावा. त्याच आरपीएमला हिशेब सुमारे ५४ किमीवर येतो आणि निघतानाची ओढ जवळपास २३ टक्के वाढते. १२० मीटरच्या आवारात ६/५४ आणखी बरं : कमाल सुमारे ४६, पण तिथवर इंजिन खरंच पोचतं. मात्र ६ दातांवर चेन जास्त झिजते, म्हणून आधी फक्त मागचं बदलून बघा.

चेन कोणती ते मोजूनच मागवा. १० कड्यांची लांबी ८० मिमी आली तर ती ८ मिमी पिचची टी-८-एफ, ६३.५ आली तर २५-एच. एकीचं स्प्रॉकेट दुसरीला चालत नाही. ४४ चे ५४ केल्यावर चेन साधारण ६ कड्यांनी वाढवावी लागेल. मधोमध ढील १० ते १२ मिमी ठेवा.

कडक स्प्रिंग मूळच्या सायलेन्सरबरोबर नकोच. क्लच उशिरा पकडेल, तोवर मूळच्या इंजिनाचा जोर उतरणीला लागलेला असतो. आहेत त्याच शूंची (बेलला आतून घासणाऱ्या तुकड्यांची) चकाकी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, बेल आतून थिनरने पुसा. बेल निळी पडली असेल तर बदला.

जेटनंबर५८

पेट्रोलचा मुद्दा वर आला नाही. आता बहुतेक पंपांवर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर (कार्बमधल्या पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण सुमारे ८ टक्के पातळ पडतं. जेटचं क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं म्हणजे व्यास ४ टक्क्यांनी वाढवायचा : ५५ चा जेट असेल तर ५७ किंवा ५८.

ऑइल ४० मिली ठीक आहे, जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा) दर्जाचं घ्या. ‘जास्त सुरक्षित’ म्हणून ६० मिली घालू नका. तेवढी जागा पेट्रोलची जाते आणि मिश्रण उलट पातळ होतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून मिश्रण करून महिनाभर ठेवू नका आणि गाडी उभी राहणार असेल तर कार्बची वाटी रिकामी करा. कडक झालेली पारदर्शक नळी लगेच बदला.

धागाकर्ता

टेस्ट केली. काटा मिनिटभरात १०० वर आला. बुडबुडे मॅनिफोल्डच्या गॅस्केटपाशी, बाकी सगळं कोरडं. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग वाकडा वाटतो. जेटवर ५५ कोरलेलं आहे. आता जेट कसा ठरवायचा? आवार लहान आहे.

टूस्ट्रोकवाला

काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर पसरून मॅनिफोल्ड इंग्रजी आठच्या आकारात घासा, सगळीकडे सारखी घासण उमटेपर्यंत. रीडच्या पाकळ्या उजेडात धरून बघा. टोकाला चीर असेल तर त्या बदला. नवं गॅस्केट ०.५ मिमीच्या पेपर शीटचं कापा. सिलिकॉन लावू नका, ते पेट्रोलने सुटून रीडमध्ये अडकतं. मग टेस्ट पुन्हा करा. जेटला हात त्यानंतरच.

जेटनंबर५८

तुमच्या कार्बला नीडल नाही, त्यामुळे जवळपास सगळा कारभार मेन जेटवर आहे. ५५, ५८, ६० आणि ६२ आणून ठेवा. सुरुवात ६२ ने करायची. गरम इंजिन, गाडीवर माणूस बसलेला, पूर्ण रेस. आवाज तुटक, फटफट येत असेल तर मिश्रण जाड आहे. एकेक पायरी खाली या. आवाज स्वच्छ झाला की त्याहून एक पायरी मोठा जेट ठेवा.

लहान आवारासाठी चोकची युक्ती वापरा : पूर्ण रेसवर चोक किंचित ओढा. गाडी उचलली तर मिश्रण पातळ, दबली तर जेट पुरेसा आहे. स्टँडवर मोकळं चाक फिरवून जेट ठरवू नका, भार नसताना सगळंच बरं दिसतं. प्लगचा गॅप ०.६ मिमी. नवा प्लग घेताना आट्यांची लांबी जुन्याशी जुळवा, लांब आट्यांचा प्लग पिस्टनला लागतो.

१९ मिमी कार्ब म्हणून जो सहसा विकतात तो छोट्या फोर-स्ट्रोकसाठीचा असतो. मोठ्या तोंडामुळे कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि निघताना गाडी आणखी मरते. तुमच्या आवारात त्याचा उपयोग नाही.

ब्रेकआधी

वेग वाढवण्याआधी पुढचं पॅड, केबलचे सुटे तार आणि हँडलच्या मानेजवळचं वेल्डिंग बघा. रेस सोडल्यावर स्लाइड खट्कन बंद झालीच पाहिजे. टायरवर बारीक भेगा असतील तर टायर बदला.

रस्त्यावर मात्र नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम २(२८) मध्ये चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीला सूट आहे ती २५ सीसीपर्यंतच. ४९ सीसी ही कायद्याने मोटार गाडीच ठरते, म्हणून नोंदणीशिवाय ती खासगी आवारातच चालवता येते.

धागाकर्ता

मागचं ५४ चं स्प्रॉकेट मिळालं, पण बोल्टची भोकं जुळत नाहीत. भोकं लांबट करू का?

चेनस्प्रॉकेट

करू नका. लांबट भोकात स्प्रॉकेट मध्यापासून सरकतं, चेन एका जागी ताठ आणि दुसरीकडे ढिली होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या लेथवाल्याकडून हबच्या मापाची ५ मिमी जाडीची ॲडॉप्टर प्लेट करून घ्या. मधलं भोक हबच्या उंचवट्यावर घट्ट बसलं पाहिजे. नव्या भोकांमुळे बोल्ट वर्तुळ बदललं तरी चालेल. प्लेट हब आणि स्प्रॉकेटच्या मध्ये बसत असेल तर स्प्रॉकेट ५ मिमी बाहेर येईल. तेवढाच फरक चाकाच्या स्पेसरमध्ये काढा आणि पुढच्या स्प्रॉकेटवर सरळ पट्टी धरून दोन्हींची रेघ तपासा.